तोफगोळ्याची पादुका

मराठ्यांच्या तोफखान्याविषयीं आजवर पुष्कळ लेखन झालें आहे. तोफांचीं नांवें, त्यांवरील लेख, त्या कोणीं ओतल्या, कोणत्या मोहिमेंत किती तोफा होत्या, ह्या गोष्टी संशोधकांनीं श्रमपूर्वक जमविल्या आहेत. परंतु तोफेची नळी व तींतून सुटणारा गोळा ह्या दोहोंमधील जी फट, तिच्याकडे फारसें कोणाचें लक्ष गेलेलें दिसत नाहीं. वस्तुतः तोफेचा पल्ला, नेम व मारा हीं तिन्ही ह्या अर्ध्या बोटाचीही रुंदी नसलेल्या फटीवर अवलंबून असत. ती फट भरून काढण्यासाठीं युरोपांत जें साधन योजिलें गेलें, त्यास फ्रेंच भाषेंत ‘सॅबो’ म्हणतात. सॅबो म्हणजे तिकडील शेतकरी पायांत घालीत ती लांकडी खडाव. तोच शब्द पुढें अनेक देशांच्या तोफविद्येंत रूढ झाला. आम्ही ह्या लेखांत त्यास ‘पादुका’ म्हणूं. अर्थ तोच आहे, आणि मराठी वाचकाच्या तोंडीं तो शब्द सहज बसतो.

ह्या विषयाचें इतिहाससंशोधनाशीं काय नातें, असें कोणी विचारील. नातें असें कीं, एखाद्या किल्ल्याच्या बुरुजावर तोफ पडलेली असते, जवळच्या कोठाराच्या ढिगाऱ्यांत कांहीं गोळे सांपडतात, आणि मापें घेतल्यावर गोळा नळीपेक्षां बराच लहान भरतो. मग ‘हा गोळा ह्या तोफेचा नव्हे’ असा निर्णय होऊन दोघांची ताटातूट केली जाते. हा निर्णय कधीं बरोबर असेल, कधीं चुकीचा. पण तो केवळ मापांतील अंतरावरून करतां येत नाहीं, हें दाखविणें हा ह्या लेखाचा हेतु आहे. त्यासाठीं प्रथम जुन्या तोफेची फट, मग तींतील लांकडी पादुका व त्यानंतर आजच्या रणगाड्याच्या तोफेंतील पादुका, असा क्रम घेऊं. शेवटचा टप्पा पेशवाईच्या इतिहासाचा नव्हे हें खरें. परंतु पादुकेचें तत्त्व तेथें इतकें उघडें होतें कीं, तेथून मागें पाहिल्यास जुनी तोफ अधिक नीट समजते.

आम्ही राहतों तें अवसरी खुर्द मंचरनजीक, घोड नदीच्या खोऱ्यांत आहे. येथून उत्तरेस, जुन्नर तालुक्यांत ओतूरजवळ आंबेगव्हाण येथें माधवराव पेशव्यांच्या कारकीर्दींत, इ. स. १७६५-६६ च्या सुमारास, तोफेच्या गोळ्यांचा कारखाना घातला गेला. पुढें १७७०-७१ च्या सुमारास पुण्यासही तसा कारखाना निघाला. पेशव्यांचा तोफखाना पानसे घराण्याकडे होता. सासवडजवळील सोनोरी हें त्यांचें गांव व तेथला मल्हारगड हा त्यांनींच बांधलेला. आंबेगव्हाणच्या कारखान्याचा उल्लेख बहुधा ‘मराठे गोळे स्वतः करीत’ एवढ्याच विधानाच्या पुराव्यासाठीं केला जातो व विषय तेथेंच सोडला जातो. पण गोळा करणें ही काय वस्तु आहे, ह्याचा विचार केल्याशिवाय त्या उल्लेखाचें मोल कळावयाचें नाहीं.

देशी लोहभट्टींत लोखंड पाण्यासारखें वितळत नसे. तें सच्छिद्र लगद्याच्या रूपानें निघे आणि पुन्हां पुन्हां तापवून, घणाखालीं ठोकून त्यास आकार द्यावा लागे. अशा घडीव गोळ्याचा व्यास एका अंगानें मोजला तर एक व दुसऱ्या अंगानें मोजला तर दुसरा भरणें स्वाभाविक होतें. ओतीव गोळा सांच्यांतून निघत असल्यामुळें त्याचा गोलपणा अधिक विश्वासाचा. मराठ्यांनीं इंग्रज व पोर्तुगीज ह्यांजकडून गोळे विकत घेतले ते कांहीं हौसेनें नव्हेत. त्यांतून तोफाही एका मापाच्या नव्हत्या. कांहीं येथें ओतलेल्या, कांहीं विलायती, कांहीं शत्रूकडून हिसकावलेल्या. प्रत्येकीचें तोंड निराळें. गोळा व नळी ह्यांची सोयरीक जुळविणें हें अशा तोफखान्यांतील रोजचें काम असलें पाहिजे.

आतां फट अगदींच नको असें म्हणावें, तर तेंही शक्य नव्हतें. ठासणीच्या तोफेंत गोळा तोंडाकडून आंत जावयाचा. काळ्या दारूचा निम्म्याहून अधिक भाग जळल्यावर वायुरूप न होतां राख व काजळी होऊन मागें राहतो. चारदोन बार झाले कीं नळी आंतून अरुंद होऊं लागते. गोळ्यावर गंजाचे पोपडे चढतात. नेमका बसणारा गोळा अशा नळींत मध्येंच अडकला, तर तोफ फुटून गोलंदाजांचाच संहार व्हावयाचा. म्हणून गोळा लहान ठेवणें भागच होतें. अठराव्या शतकांत इंग्रज लोक गोळ्याच्या व्यासाच्या विसाव्या हिश्शाइतकी व फ्रेंच लोक सव्विसाव्या हिश्शाइतकी फट ठेवीत. इंग्रजांची २४ पौंडी तोफ घ्या. तिच्या नळीचा व्यास ५.८२ इंच व गोळ्याचा सुमारे ५.५५ इंच, म्हणजे फट पाव इंचाहून किंचित् अधिक. ऐकावयास हें क्षुल्लक वाटतें. परंतु वर्तुळाचें क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणांत बदलतें हें ध्यानीं घेऊन हिशेब केल्यास नळीच्या छेदाचा जवळजवळ अकरावा हिस्सा मोकळा राहतो. त्या वाटेनें दारूचा वायु गोळ्यास न ढकलतां निघून जातो. वुलिच येथील गणिताचे अध्यापक चार्ल्स हटन ह्यांनीं अठराव्या शतकाच्या उत्तरार्धांत प्रयोग करून असें काढलें कीं, फटीपायीं दारूच्या शक्तीचा चौथा ते तिसरा हिस्सा फुकट जातो. शंभर थैल्या दारू मोर्च्यावर नेली, तर पंचवीस ते तेहतीस थैल्या नुसत्या धुरांत गेल्या म्हणावयाच्या.

नुकसान एवढ्यानेंच संपत नाहीं. गोळा नळीच्या तळावर टेकलेला असल्यामुळें फट सगळी वरच्या अंगास येते. वायु वरून निसटतांना गोळ्यास खालीं दाबतो. गोळा उसळून वर आपटतो, पुन्हां खालीं येतो, आणि असा ठेचकाळत तोंडापर्यंत जातो. शेवटची ठोकर ज्या बाजूस लागली असेल तिच्या उलट दिशेस गोळा सुटावयाचा. गोलंदाजानें नेम कितीही नीट धरला, तरी ह्या शेवटच्या ठोकरीवर त्याची सत्ता चालत नाहीं. शिवाय पितळी किंवा पंचरसी तोफेची नळी लोखंडी गोळ्यापुढें मऊ. तिला आंतून खोंचे पडतात, आणि एकदां खोंचा पडला कीं पुढला प्रत्येक गोळा तेथेंच अडखळतो.

ह्या तिन्ही दोषांवर निघालेला उपाय म्हणजे लांकडी पादुका. युरोपांत अठराव्या शतकांत, विशेषतः १७६५ नंतर ग्रिबोव्हाल ह्यानें फ्रेंच तोफखान्याची जी नवी घडी बसविली तींत, मैदानी तोफांसाठीं ही पद्धति रुळली. लांकडाची जाड चकती कातून तिच्या एका बाजूस गोळ्याच्या आकाराची खोलगट वाटी कोरावयाची. गोळा तींत बसवून वरून टिनाच्या दोन पट्ट्या एकमेकींस छेदणाऱ्या अशा ओढून त्या चकतीस खिळवावयाच्या. आणि चकतीच्या कडेस जी खांच असे तींत दारूच्या थैलीचें तोंड आवळून बांधावयाचें. असें केल्यानें थैली, पादुका व गोळा मिळून एकच नग तयार होई. गोलंदाजानें तो उचलावा, नळींत सारावा, गजानें ठासावा, कीं बार तयार. गोळा नळीच्या मध्याजवळ धरला जाई, त्याच्या मागें लांकडाचा आडोसा असल्यामुळें वायु कमी निसटे, आणि नळीस खोंचे पडत ना. कुलपी गोळ्याच्या बाबतींत तर पादुका केवळ सोय नव्हती. पोकळ गोळ्याची वात पुढच्या बाजूस राहणें अवश्य. तो नळींत कलंडून वात दारूकडे वळली, तर गोळा आंतच फुटावयाचा. पादुकेनें त्याचें तोंड पुढें बांधून ठेविलें.

ठासणीची बंदूक वापरणारे जुने शिकारी गोळीभोंवतीं तेलकट चिंधी गुंडाळून मग ती नळींत सारीत, तें ह्याच जातीचें कौशल्य. चिंधी फट भरते, गोळीबरोबर बाहेर पडते व दहापांच पावलांवर गळून जाते. तत्त्व समजण्यास एवढा दाखला पुरे.

येथें एका प्रसिद्ध उताऱ्याचा विचार करणें जरूर आहे. १७९०-९१ त परशुरामभाऊ पटवर्धनांनीं धारवाडास वेढा घातला, तेव्हां त्यांच्या मदतीस असलेल्या इंग्रजी पलटणींतील लेफ्टनंट मूर ह्यानें मराठी मोर्च्याचें वर्णन लिहून ठेविलें आहे. तोफ भरावी, मग सर्वांनीं बसून अर्धा तास गप्पा माराव्या, विडी ओढावी, मग बार काढावा आणि धूळ उडाली कीं समाधान मानावें, अशा आशयाचें तें वर्णन आहे. तेव्हांपासून ‘मराठी गोलंदाज आळशी’ हें वाक्य पुस्तकापुस्तकांतून फिरत आहे. आळस मुळींच नव्हता असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु एक गोष्ट दृष्टीआड होते. दारू मापणें, गोळा निवडणें, फट भरणें हीं कामें युरोपीय मैदानी तोफखान्यांत कारखान्यांतच उरकलेलीं असत. मोर्च्यावर फक्त तयार नग सारावयाचा राही. जेथें तीच कामें मोर्च्यावर, उन्हांत, निरनिराळ्या तोंडांच्या तोफांपुढें करावीं लागत, तेथें बारांचें अंतर वाढणारच. महादजी शिंद्यांनीं द बॉयनकडून पलटणी उभारविल्या व आग्र्यास सँगस्टर नांवाच्या स्कॉटिश माणसाकडून युरोपीय धर्तीच्या तोफा ओतविल्या. त्या परंपरेंतील तोफखान्यानें २३ सप्टेंबर १८०३ रोजीं असईच्या मैदानावर वेलस्लीच्या फौजेची काय दशा केली, हें इंग्रजांनींच लिहून ठेविलें आहे. तेव्हां दोष माणसाच्या स्वभावावर घालण्यापूर्वीं कारखान्याची घडी पाहावी, असें आमचें मत आहे.

लांकूड मात्र कुजतें. टिनाच्या पट्ट्या गंजून मातीस मिळतात. दोनशें पावसाळ्यांनंतर बुरुजाखालीं उरतो तो फक्त लोखंडी गोळा, आणि तो नळीपेक्षां लहान दिसतो. ज्या वस्तूमुळें तो त्या नळीचा होत असे, ती वस्तुच नष्ट झालेली असते. गोळ्याऐवजीं नळींत दुसरें कांहीं भरल्याचेही दाखले आहेत. विजापूरची मुलूख-इ-मैदान तोफ मूळ अहमदनगरची, म्हणजे आजच्या अहिल्यानगरची. ती १५४९ सालीं निजामशाहींत मुहम्मद बिन हुसेन रूमी ह्यानें ओतली. तिच्या नळीचा व्यास सुमारे २ फूट ४ इंच आहे. १५६५ च्या तालिकोटच्या लढाईंत तिच्यांतून तांब्याच्या नाण्यांच्या थैल्या उडविल्या अशी कथा आहे. कथा खरी धरली तर तेथें थैली हीच पादुका होय: सुट्या नाण्यांस एकत्र धरून नळी भरावयाची आणि बाहेर पडतांच फाटून जावयाचें.

येथवर फट हा दोष होता व पादुका हें त्यावरील ठिगळ. विसाव्या शतकांत ह्याच ठिगळास मुख्य वस्त्राचा मान मिळाला. गोळा लहान पडतो ही अडचण मानण्याऐवजीं, गोळा मुद्दाम लहान करावा आणि उरलेली जागा पादुकेनें भरावी, असा विचार पुढें आला. हें उलटें वाटणारें तत्त्व नीट समजून घेतलें पाहिजे.

नळींत असतांना दारूचा वायु गोळ्यास मागून ढकलतो. ढकलण्याचा जोर दाब आणि तळाचें क्षेत्रफळ ह्यांच्या गुणाकाराइतका; म्हणून नळींत असेपर्यंत तळ जितका रुंद तितका चांगला. नळीबाहेर पडतांच सारें पालटतें. आतां पुढून हवा अडविते, आणि ती अडविण्याचा जोरही क्षेत्रफळाच्याच प्रमाणांत. म्हणून बाहेर अंग जितकें बारीक तितकें चांगलें. चिलखत भेदण्याच्या कामींही तेंच: सर्व आघात जितक्या लहान जागेवर एकवटेल तितका तो खोल जातो. म्हणजे आंत रुंद असावें व बाहेर बारीक असावें, अशा दोन परस्परविरुद्ध अपेक्षा एकाच वस्तूकडून आहेत. पादुकेनें हा विरोध मिटविला. १२० मिलिमीटर तोंडाच्या तोफेंत ३० मिलिमीटर जाडीचा लोहबाण पादुकेंत धरून बसविला, तर वायूस ढकलावयास बाणाच्या छेदाच्या सोळापट क्षेत्रफळ मिळतें. आणि बाहेर पडून पादुका गळतांच हवेस अडवावयास त्याचा सोळावा हिस्साच उरतो. रामाच्या पादुका नंदिग्रामांत राहिल्या व राम वनांत गेले. येथेंही पादुका मागें राहतात आणि धनी पुढें जातो.

ही कल्पना अगदींच निराधार उगवली असें नाहीं. युरोपांतील तोफेचें सर्वांत जुनें चित्र १३२६ च्या सुमाराच्या, वॉल्टर द मिलमिट ह्याच्या हस्तलिखितांत आहे. त्यांत कुंभाच्या आकाराच्या तोफेंतून गोळा नव्हे, बाण सुटतांना दाखविला आहे. अशा बाणाच्या दांड्यास चामडें गुंडाळून तो नळींत घट्ट बसवीत, असें तोफविद्येचे अभ्यासक मानतात. फारशींतील ‘नावक’ शब्दही येथें आठवतो. नावक म्हणजे खोबणीच्या किंवा पोकळ नळीच्या आधारानें धनुष्यावरून सोडावयाचा आंखूड बाण. पूर्ण लांबीच्या धनुष्याचा सर्व जोर लहानशा बाणास मिळे, म्हणून तो वेगानें व खोल जाई. हिंदी रसिक बिहारीच्या दोह्यांस ह्याच बाणांची उपमा देतात. भेद इतकाच कीं नावकाची नळी धनुर्धराच्या हातींच राही, पादुका बाणाबरोबर बाहेर पडते. संस्कृत वाचलेल्यांस ‘नाराच’ हा सबंध लोखंडी बाणही आठवेल; अमरकोशांत तो आहे, महाभारतांत पानोपानीं आहे. आजचा पिसांचा लोहबाण पाहिला तर नाराच हें नांव त्यास चपखल शोभतें. पण नांव शोभतें एवढ्यावरून प्राचीनांस तोफा ठाऊक होत्या असें अनुमान काढणाऱ्यांच्या पंक्तीस आम्ही बसूं इच्छीत नाहीं. शब्द उसना घ्यावा, इतिहास उसना घेऊं नये.

खरी घटना अलीकडची आहे. १९३० नंतरच्या दशकांत फ्रान्समध्यें एडगर ब्रांट ह्याच्या कारखान्यांत पादुकायुक्त लहान गोळ्यांवर काम झालें. १९४० त फ्रान्स पडल्यावर ती माहिती इंग्लंडांत गेली. तेथील परम्यूटर व कॉपॉक ह्या दोघांनीं १९४१ ते १९४४ च्या दरम्यान तो गोळा पूर्णत्वास नेला, आणि १९४४ च्या नॉर्मंडीच्या लढायांत तो ६ पौंडी तोफेसाठीं वापरांत आला. मागाहून १७ पौंडी तोफेस मिळाला. १७ पौंडी तोफेचा साधा चिलखतभेदी गोळा सेकंदास सुमारे ८८० मीटर वेगानें निघे. पादुकायुक्त टंगस्टनचा गोळा सुमारे १,२०० मीटर वेगानें. तोफ तीच, फक्त गोळ्याची बसवणूक बदलली. पुढें सेंच्युरियन रणगाड्याच्या २० पौंडी तोफेसही असे गोळे मिळाले; ते रणगाडे १९६५ च्या युद्धांत आपल्या सैन्याजवळ होते.

आतां पादुका कशी असावी ह्याचा विचार करूं. कारण ह्या विद्येचें खरें मर्म तेथें आहे. शाळेंतील गणितानेंच प्रारंभ करतां येईल. पांच मीटर लांबीच्या नळींत शून्यापासून सेकंदास १,५०० मीटर वेग येतो असें धरा. वेगाचा वर्ग अंतराच्या दुपटीनें भागला कीं सरासरी त्वरण सेकंदाच्या वर्गास २,२५,००० मीटर येतें. हें पृथ्वीच्या गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे २३,००० पट आहे. म्हणजे नळींतून जातांना एक किलो वस्तु २३ टन वजनाची होते. बाण चार किलोंचा असेल, तर नव्वद टनांहून अधिक ओझें पादुकेनें पुढें रेटावयाचें, आणि तेंही सेकंदाच्या शंभराव्या भागाहून कमी वेळांत. इतकें ओझें नुसत्या पकडीनें पेलत नाहीं. म्हणून बाणाच्या दांड्यावर व पादुकेच्या आंतील अंगावर एकमेकांत बसणाऱ्या खांचा असतात. बोल्ट आणि नट ह्यांच्या आट्यांप्रमाणें त्या ओझें सर्व लांबीभर वांटून घेतात. केवळ मागून ढकलला असता तर लांब, बारीक बाण वेताच्या छडीसारखा वांकला असता.

पादुका बळकट हवी, परंतु जड नको. तिच्या अंगीं गेलेली शक्ति लक्ष्यापर्यंत पोंचत नाहीं. बाण चार किलो व पादुका तीन किलो असली, तर दारूनें दिलेल्या गतिशक्तीचे सात भागांपैकीं तीन भाग रस्त्यावरच सांडले. म्हणून लांकडाच्या जागीं प्रथम हलक्या धातूंचे मिश्रण, मुख्यतः ॲल्युमिनियमचें, आलें. अलीकडे कांहीं देशांत कार्बनच्या तंतूंचे संयुक्त पदार्थही वापरतात. आकारही अनावश्यक भाग काढून टाकून मधोमध सडपातळ करतात, म्हणून तो डमरूसारखा दिसतो. पादुकेभोंवतीं मऊ पदार्थाचें कडें असतें. तें वायु अडवितें. आमच्या जुन्या फटीचें उत्तर शेवटीं ह्या कड्यांत येऊन ठेपलें.

सर्वांत नाजूक क्षण बाहेर पडण्याचा. पादुका सबंध असती, तर गळून पडलीच नसती. म्हणून ती लांबीच्या अंगानें बहुधा तीन पाकळ्यांत चिरलेली असते. नळींत असेपर्यंत नळीची भिंत पाकळ्यांस मिटून धरते. बाहेर येतांच समोरची हवा पाकळ्यांच्या पुढील खोलगट तोंडांत शिरून त्यांस फुलाप्रमाणें उमलविते. तिन्ही पाकळ्या एकाच क्षणीं, सारख्या जोरानें दूर झाल्या पाहिजेत. एकीनें किंचित् उशीर केला तरी ती जातां जातां बाणास धक्का देते, आणि पुढें हजार मीटरांवर तो धक्का लक्ष्य चुकवितो. १७ पौंडी तोफेच्या पहिल्या पादुकायुक्त गोळ्यांचा नेम कच्चा म्हणून सैनिक कुरकुरत, त्याचें कारण पादुका नीट सुटत नसे हेंच होतें. ज्या शेवटच्या ठोकरीनें पेशवाईंतल्या गोळ्याची दिशा बिघडे, तिचीच ही नात म्हणावी. गळलेल्या पाकळ्याही निरुपद्रवी नव्हेत. त्या मोठ्या वेगानें दूरवर जाऊन पडतात, म्हणून रणगाड्याच्या पुढें व बाजूस आपलें पायदळ नसावें असा दंडक आहे.

एक कोडें राहिलें. लांबट गोळा हवेंत कोलांट्या खाऊं नये म्हणून नळीस आंतून आटे पाडून त्यास फिरकी देतात. परंतु लांबी व्यासाच्या पांचसहा पटींहून वाढली कीं फिरकीनें तो स्थिर राहत नाहीं. त्यास बाणाप्रमाणें मागें पिसेंच हवींत. पिसांच्या बाणास फिरकी जवळजवळ नकोच. म्हणून रशियनांनीं १९६० च्या सुमारास आटे नसलेली गुळगुळीत नळी पुन्हां पुढें आणली, आणि १९७९ त जर्मनांच्या लेपर्ड २ ची १२० मिलिमीटर तोफही गुळगुळीतच आली. मराठ्यांच्या तोफेची नळी होती तशी! आपल्या अर्जुन रणगाड्याची १२० मिलिमीटर तोफ मात्र आट्यांची आहे. ती व तिचा पिसांचा पादुकायुक्त बाण पुण्यास पाषाण येथील, १९५८ सालीं स्थापन झालेल्या, शस्त्रास्त्र संशोधन व विकास संस्थेनें तयार केला. आटे फिरकी देणार आणि बाणास ती नको, ह्यावर तोड अशी कीं पादुकेवरील कडें घसरतें ठेवावयाचें. आटे कड्यास फिरवितात. कडें पादुकेवर घसरतें. बाणास फिरकीचा अल्प अंशच पोंचतो. बाण टंगस्टनच्या मिश्रधातूचा. ती धातु तिरुचिरापल्लीच्या कारखान्यांत बनते. १८६९ पासून चालत आलेला खडकीचा दारूगोळ्याचा कारखाना २०२१ पासून म्युनिशन्स इंडिया ह्या सरकारी कंपनीकडे गेला आहे, व त्या कंपनीचें मुख्य ठाणेंही पुण्यासच आहे. आंबेगव्हाणापासून पाषाण-खडकीपर्यंत अंतर शंभर मैलही नाहीं. मध्यें अडीच शतकें आहेत.

आतां किल्ल्यावरील गोळ्याकडे परत येऊं. वरील सर्व विवेचनाचा व्यवहारांत उपयोग इतकाच कीं, मोजणी करतांना तोफेची लांबी व लेख टिपून थांबूं नये. नळीचा व्यास तोंडाशीं आणि हात पोंचेल तेथवर आंत, आडवा व उभा असा निराळा घ्यावा. वरखालच्या मापांत फरक आला, तर तो गोळ्याच्या ठोकरांचा पुरावा आहे. गोळ्याचा परिघ तीन निरनिराळ्या दिशांनीं दोरीनें मोजून बावीस-सप्तमांशानें भागावा. तिन्ही व्यास जुळले तर गोळा बहुधा ओतीव, न जुळले तर घडीव. सांच्याच्या दोन अर्धांची सांधरेघ दिसल्यास शंकाच उरत नाहीं. वजनही अवश्य घ्यावें. व्यास विसाव्या हिश्शानें घटला कीं वजन सातव्या हिश्शानें घटतें, म्हणून दप्तरांत शेरांत लिहिलेल्या वजनावरून गोळ्याचा व्यास व त्यावरून तोफेचें तोंड काढतां येतें. मात्र गंजानें गेलेला थर हिशेबांत धरावा. कोठाराच्या मातींत टिनाच्या अरुंद पट्ट्या, लहान चुका किंवा वाटीच्या आकाराचें कुजकें लांकूड मिळालें, तर तें केर म्हणून फेंकूं नये. गोळ्यापेक्षां तें दुर्मिळ आहे. अवसरी खुर्द येथें २००९ पासून शासकीय अभियांत्रिकी व संशोधन महाविद्यालय आहे. तेथील विद्यार्थ्यांस व्यासमापक यंत्रें हाताळण्याची संवय असते. शिवनेरी, हडसर, चावंड हे किल्ले त्यांस एका दिवसाच्या वाटेवर आहेत.

गोळा आकाराच्या मानानें हलका लागला किंवा त्यास एका बाजूस भोंक दिसलें, तर तो कुलपी गोळा समजावा. त्यास घांसूं नये, तापवूं नये, भोंकांत खिळा घालूं नये. आंतली दारू कोरडी असल्यास ती शतकानंतरही पेटते. अमेरिकेंत १८६१-६५ च्या यादवी युद्धांतील असा गोळा साफ करतांना २००८ सालीं एक संग्राहक ठार झाला. असा गोळा जागच्या जागीं ठेवून जवळच्या पोलीस ठाण्यास कळवावें, आणि माप दुरूनच अंदाजानें टिपून घ्यावें.